ताई किती तासांवर आहे?

२०२४ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आमचे आजोबा गेले. वय झालेलं होतं, तसं अचानक काही नव्हतं. हिंगोलीतल्या आमच्या घरासमोर अर्ध्या तासात माणसं जमली. चपला काढून आत आलेला प्रत्येक जण जरा टेकला की एकच प्रश्न विचारत होता, "अमेरिकेतली पोरगी किती लांब हाय?"

ताई सिऍटलला असते. आजोबांचा तिच्यावर विशेष जीव, हे साऱ्या भावकीला माहीत. म्हणून प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. तिच्यासाठी थांबायचं की नाही, हे ठरवायचं होतं. माझी नोकरी सॉफ्टवेअरची, त्यातही मालाचे ट्रक कुठून कुठे किती वेळात पोचतील याचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्यामुळे प्रश्न आपोआप माझ्याकडे आला. मला आकडा पाठ होता. ताई गेली त्या वर्षी हौसेनं काढून ठेवलेला. मी म्हणालो, "बारा हजार दोनशे ऐंशी किलोमीटर."

चुलत काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, पण समजून घेतल्यासारखंही नाही. "किलोमीटर कोन इचारलं बापा? तास सांग."

ओट्यावर बसून मी हिशेब केला. बारा हजार दोनशे ऐंशीला विमानाच्या ताशी नऊशेनं भागलं, तर तेरा तास चाळीस मिनिटं. पण हे विमान सिऍटलच्या छतावरून उडून आमच्या अंगणात उतरणारं. खरं विमान तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडच्या बुधवारच्या पहाटे सहाला. दुबईपर्यंत साडेचौदा तास. तिथे चार तास ताटकळणं. हैदराबादपर्यंत साडेतीन. बाहेर पडायला दीड. पुढे नांदेडवरून हिंगोली, साडेतीनशे किलोमीटर, सात तास. गुरुवारी दुपारी साडेबारा. आजोबा गेल्यापासून जवळजवळ बेचाळीस तास.

मी "बेचाळीस" म्हणालो तेव्हा कोणी काही बोललं नाही. मे महिना होता. बुधवारी सकाळी अंत्यविधी झाला. ताईनं निघण्याआधी फोनवर आजोबांचं तोंड पाहिलं, आणि अंत्यविधीच्या वेळी ती बहुधा उत्तर ध्रुवाजवळ कुठेतरी ढगांच्या वर होती.

त्यानंतर बरेच महिने ते दोन आकडे माझ्या डोक्यातून गेले नाहीत. तेरा तास चाळीस मिनिटं आणि बेचाळीस तास. पहिला गणितानं बरोबर होता आणि अंगणात काही कामाचा नव्हता. दोन लांबच्या गावांमधलं अंतर माणसं आजवर मोजत कशी आली, हे मी मग वाचायला लागलो. वाचताना लक्षात आलं की काकांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हताच. लांबचं अंतर माणसानं बहुतेक वेळा वेळेतच मोजलं आहे, आणि किलोमीटर त्यातून नंतर काढले आहेत.

*

आपल्या भाषेतच पाहा. 'मजल' म्हणजे एका दिवसाची चाल. मजल दरमजल करत फौजा गेल्या असं बखरींमध्ये येतं तेव्हा ते अंतरही असतं आणि दिवसांची मोजदादही. कोस म्हणावा तर साधारण दोन मैलांचा, पण प्रत्येक मुलखाचा कोस वेगळा. घाटातला लहान, सपाटीवरचा मोठा, कारण मोजायचे ते खरं तर पाय. उलटही आहे. आजी अजून म्हणते, "दिवस कासराभर वर आला." कासरा म्हणजे बैलाचा दोर. म्हणजे सकाळचे साडेसात-आठ ती दोरीनं मोजते. आम्ही इंजिनिअर ज्याला एकक चुकणं म्हणतो, ते भाषेनं केव्हाच मान्य करून टाकलं आहे.

आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव इथून पंजाबात गेले, घुमानला राहिले. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, तेव्हा आमच्याकडची बरीच माणसं जाऊन आली. नर्सी ते घुमान सरळ रेषेत सुमारे १,३४० किलोमीटर. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाला सरळ रेषेनं जाता आलं असतं तरी दोन-तीन महिने लागले असते, आणि सरळ रेषेनं कोणी चालत नाही. आज नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. दोन हजारांच्या आसपास किलोमीटर, साधारण दीड दिवस. म्हणजे ताईला सिऍटलच्या घरातून आमच्या घरी यायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच. किलोमीटरच्या नकाशात घुमान आमच्या नऊपट जवळ आहे. तासांच्या नकाशात घुमान आणि सिऍटल शेजारी आहेत.

*

आता तो बारा हजार दोनशे ऐंशीचा आकडा येतो कुठून, ते सांगतो. कारण त्यात आपल्याकडची एक गंमत आहे.

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधला जवळचा रस्ता म्हणजे त्या गोलावर ताणून धरलेला दोरा. दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश दिले की त्या दोऱ्याची लांबी काढायचं एक सूत्र आहे, हॅवरसाइन नावाचं. कुठल्याही नकाशाच्या ऍपच्या पोटात ते किंवा त्याचं भावंड असतंच. आम्ही ते पाठ न करता चिकटवतो. 'हॅवरसाइन' म्हणजे अर्धा व्हर्साइन. व्हर्साइन ही आपल्या ज्योतिषग्रंथांतली उत्क्रमज्या. आणि साइन म्हणजे ज्या, धनुष्याची दोरी. संस्कृतातली 'जीवा' अरबीत 'जीब' म्हणून लिहिली गेली, ती कोणी तरी 'जैब' वाचली, त्याचा लॅटिनमध्ये शब्दशः तरजुमा 'सायनस' झाला आणि तो साइन होऊन इंग्रजी शाळांमधून आपल्याकडे परत आला. ज्याला मी कॉलेजात चार वर्षं परदेशी पाहुणा समजत होतो, तो घरचाच निघाला.

भास्कराचार्य, जन्म १११४. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं दिला आहे, आणि तो कसा काढायचा हेही. दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावं घ्या. दोन्हींचे अक्षांश काढा. त्यांची वजाबाकी करा. मधलं अंतर योजनांत मोजा. इतक्या अंशांना इतकी योजनं, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक. शाळेत आंब्यांच्या किमतीसाठी वापरलेलं. परीघ एकदा हाताशी आला की उलटाही हिशेब होतो. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे असं ते सांगतात. म्हणजे साडेबावीस अंश. प्रत्यक्षात तेवीस अंशांच्या किंचित वर. आजच्या परिघाशी ताडून पाहिलं तर त्यांचं योजन साधारण आठ किलोमीटरचं पडतं. आर्यभटाचं मात्र बारा किलोमीटरच्या घरातलं. पुन्हा तेच, मुलूखपरत्वे कोस.

दक्षिणोत्तर अंतर असं सुटतं, कारण ध्रुवतारा किती वर दिसतो किंवा दुपारची सावली किती पडते यावरून अक्षांश कळतो. पूर्व-पश्चिमेला आकाशात असा कुठलाच खांब नाही. आकाश फिरत राहतं. तिथे आपल्या जुन्या ज्योतिषांनी जी युक्ती वापरली, तिचं नाव देशांतर. उज्जैनवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा मध्य धरायची. चंद्रग्रहण पृथ्वीवरून जिथून दिसतं तिथून एकाच क्षणी दिसतं. पण त्या क्षणी प्रत्येक गावात किती वाजले आहेत, ते वेगळं. उज्जैनच्या रेषेवर ग्रहण लागायची वेळ गणितानं काढायची, आपल्या गावात ते प्रत्यक्ष कधी लागलं ते घटिकापात्रानं मोजायचं, आणि दोन वेळांमधला फरक म्हणजे दोन गावांमधलं अंतर. साठ घटींत पृथ्वीचा एक फेरा, म्हणून एका घटीला सहा अंश. आमच्या अक्षांशावर सहा अंश म्हणजे सव्वासहाशे किलोमीटर. हिंगोली उज्जैनच्या रेषेच्या जेमतेम सव्वा ते दीड अंश पूर्वेला, म्हणजे साडेपाच मिनिटं पुढे. घटिकापात्र दोन मिनिटं चुकलं तर गाव पन्नास किलोमीटर सरकतं. पद्धत बिनचूक होती, भांडं नव्हतं.

(२०२५ च्या ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं. मी हा प्रयोग करायचं ठरवून गच्चीवर खुर्ची टाकली होती. भाद्रपदातल्या ढगांनी दीड हजार वर्षांपूर्वीच्या ज्योतिषांना काय सोसावं लागलं असेल ते दाखवून दिलं.)

हीच पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालली, नुसतं ग्रहण बदलत गेलं. मद्रासच्या वेधशाळेनं आपला रेखांश पक्का करायला गुरूच्या चंद्रांची ग्रहणं वापरली. मग तारायंत्र आलं आणि एका शहरातल्या घड्याळाची टिकटिक दुसऱ्या शहरात ऐकता येऊ लागली. शहरांच्या वेळा मात्र आपापल्याच होत्या. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. त्या काळी मुंबईचा माणूस मद्रासला उतरला आणि त्यानं खिशातलं घड्याळ अर्ध्या तासानं पुढे केलं, तर नकळत त्यानं साडेसात अंशांचं अंतर मोजलेलं असायचं. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली. मुंबईनं तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं आपली वेळ सोडली नाही. त्या सोयीत हे मोजमाप विसरलं गेलं. हिंगोलीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा अजूनही घड्याळात बारा वाजून वीस-एकवीस मिनिटं झालेली असतात. ती मिनिटं म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेपर्यंतचं आमचं अंतर. आणि ताईचं गाव आमच्यापासून सूर्याच्या हिशेबानं तेहेतीस घटी पंधरा पळं.

*

वेळेशिवाय, नुसत्या लोखंडानं आणि कोनांनी अंतर मोजण्याचा हट्ट ज्यांनी धरला, ते आमच्या भागातून गेले होते.

एप्रिल १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन या लष्करी अधिकाऱ्यानं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी शंभर फुटांची पोलादी साखळी जमिनीवर टाकून साडेसात मैलांची एक रेषा मोजली. एवढीच मोजायची. तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीकडे पाहायचं, कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा. त्या त्रिकोणाची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असं करत टेकडीवरून टेकडीवर, देवळाच्या शिखरावरून किल्ल्याच्या बुरुजावर. मधलं अंतर कोणी चालत नाही, गणित चालतं. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती सापडून मॉरिशसला जाऊन आलं होतं, आणि १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना आदळून त्याचं चाक वाकलं. लॅम्टननं ते स्वतः ठोकून-ताणून सरळ केलं. आमच्या कंपनीत सर्व्हर पडला की ज्या प्रकारे लोक घाबरतात, ते पाहून मला दर वेळी हा माणूस आठवतो.

कन्याकुमारीकडून सुरू झालेली ही त्रिकोणांची माळ अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास उत्तरेला सरकत निजामाच्या राज्यात आली. १८१८ मध्ये तिला 'ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळालं. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवताना लॅम्टन वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. लहानपणी मी हिंगोली आणि हिंगणघाट यांत गोंधळायचो, त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटायचं की तो आमच्याच गावात गेला. तसं नाही. पण त्याच्यानंतर काम हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० साली लंडनला जो ग्रंथ छापला, त्याच्या नावातच दोन अक्षांश आहेत : १८ अंश ३ मिनिटं आणि २४ अंश ७ मिनिटं. खालचं टोक बीदरकडचं दामरगिड्डा, वरचं सिरोंजजवळचं कल्याणपूर. हिंगोली १९ अंश ४३ मिनिटांवर. म्हणजे त्या पुस्तकाच्या पानांत, रेषेच्या थोडं पश्चिमेला, आम्ही आहोत.

या मोजणीतून एव्हरेस्टनं पृथ्वीचा आकार काढला. पृथ्वी पुरता गोल नाही, ध्रुवांकडे जरा चेपलेली आहे. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या त्यानं धरली ती मीटरमध्ये ६३,७७,२७६. आज जीपीएस वापरतं ती ६३,७८,१३७. साखळी, कोन आणि दिव्यांच्या उजेडात केलेली आकडेमोड, आणि फरक साडेआठशे मीटरचा. आकडेमोड करणाऱ्या माणसांना 'कॉम्प्युटर' म्हणत. ते पद होतं, पगार होता. त्यातला सगळ्यात नावाजलेला राधानाथ सिकदार १८३१ साली लागला. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची ज्या हिशेबातून निघाली आणि ज्याला पुढे एव्हरेस्टचं नाव दिलं गेलं, त्या कामाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. माझ्या हुद्द्यातला 'इंजिनिअर' शब्द मला कधी कधी जास्त वाटतो. त्यांच्या हुद्द्यातला 'कॉम्प्युटर' कमी वाटतो.

हे सगळं मला पुस्तकात भेटायच्या आधी कामात भेटलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या नकाशावरून गावांच्या जागा उचलून आम्ही नव्या नकाशावर टाकल्या. सगळं नीट दिसत होतं. पण नमुना म्हणून मी आमच्या शेतातली विहीर तपासली, तर ती शेजाऱ्याच्या तुरीत गेलेली. शंभरेक मीटरचा फरक. दोन दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्यानं ड्रॉपडाऊन उघडून दाखवला. त्यात एक नोंद होती, 'एव्हरेस्ट १८३०'. नकाशा त्या मापाच्या पृथ्वीवर काढलेला होता, मी तो आजच्या पृथ्वीवर ठेवत होतो. ती नोंद निवडली आणि विहीर परत आमच्या बांधाच्या आत आली.

सिऍटलच्या हिशेबात हा फरक दीड-पावणेदोन किलोमीटरचा होतो. पृथ्वी नुसती गोल धरली तर आणखी पंधराएक किलोमीटरचा. हे सगळं मिळून विमानाला मिनिटभर.

*

विमानाची मिनिटं वेगळ्याच कारणांनी जातात.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. एअर इंडिया इंटरनॅशनलची सेवा त्या दिवशी सुरू झाली. त्या दिवशी हिंगोली भारतात नव्हती. ती निजामाच्या राज्यात होती, आणि अजून तीन महिने, १७ सप्टेंबरपर्यंत राहणार होती. आजोबा तेव्हा लहान होते. त्यांच्या आठवणीत त्या वर्षीची रात्रीची पळापळ होती, विमान नव्हतं. पूर्णा-अकोला मीटरगेजवरची कोळशाची गाडी ही त्यांची वेगाची कल्पना, आणि पुढे नातीच्या तोंडून दुबईमार्गे वगैरे ऐकताना ते "पूर्णेला गाडी बदलती, तसंच" असं म्हणायचे. तसंच होतं.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न नेता पॅसिफिकवरून नेलं. रस्ता चौदाशे किलोमीटरनं लांब, पंधरा हजारांच्या वर. आणि तरी साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा दोनेक तास लवकर पोचलं. कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि या रस्त्यानं तो पाठीशी येतो. लांबचा रस्ता जवळचा झाला. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवाकडून आणलं. आणि या दोन्हींच्या मध्ये, २०१९ च्या फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं होतं. तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. दिल्ली तिथेच, न्यूयॉर्क तिथेच, हॅवरसाइनचं उत्तर तेच. पाच महिने ती शहरं एकमेकांपासून लांब गेली होती.

ट्रकच्या कामात आम्ही याला 'वास्तवातलं अंतर' वगैरे नाव देतो आणि त्यात टोलनाके, घाट, चालकाचं जेवण घालतो. काकांना हे नाव माहीत नव्हतं, इतकंच.

*

आणि आता आमच्या जिल्ह्यात एक असं यंत्र येतंय की ज्याचा सगळा धंदाच दोन लांबच्या ठिकाणांमधली वेळ मोजण्याचा आहे.

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचं गाव. नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते इथेच, असं सांगतात. त्याच्याजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, काटकोनात. त्यांतून लेझर जाऊन परत येतो. लांबच्या अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच लवभर ताणलं-आवळलं जातं, आणि बाहूंची लांबी प्रोटॉनच्या कितीतरी हजाराव्या भागाइतकी बदलते. तेवढं मोजायचं. चार किलोमीटरमध्येसुद्धा जमीन सरळ रेषेखाली सव्वा मीटरनं वळते, त्यामुळे बाहू बांधतानाच पृथ्वीचा गोलावा हिशेबात धरावा लागतो. लॅम्टनला आवडलं असतं.

अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत, लुइझियानात लिव्हिंग्स्टन आणि वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड. हॅनफर्ड ताईच्या घरापासून गाडीनं तीन-साडेतीन तासांवर. दोन्हींमध्ये ३,००२ किलोमीटर, प्रकाशाला १० मिलिसेकंद. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर आली तेव्हा ती लिव्हिंग्स्टनला आधी लागली आणि हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंदांनी. लहर कुठल्या बाजूनं आली ते या सातांवरून कळतं. पण दोनच ठिकाणं असली तर आकाशात एका बिंदूऐवजी एक लांबट पट्टा मिळतो. १७ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी इटलीतली व्हर्गोही चालू होती. व्हर्गोनंतर बावीस मिलिसेकंदांनी लिव्हिंग्स्टन, आणखी तीन मिलिसेकंदांनी हॅनफर्ड. पट्टा आक्रसला आणि दुर्बिणींना नेमकी दीर्घिका सापडली. ठिकाणं जितकी लांब, तितकी दिशा नेमकी. औंढ्याचं मोल तेच आहे, ते बाकीच्यांपासून फार लांब आहे.

मी बसून हिशेब केला. ही लहर पृथ्वीच्या आरपार जाते, त्यामुळे इथे हॅवरसाइन चालत नाही, पोटातून सरळ रेषा घ्यावी लागते. औंढा ते हॅनफर्ड सुमारे १०,५८० किलोमीटर, ३५ मिलिसेकंद. लिव्हिंग्स्टन ३८. ज्योतिषांचं देशांतर आणि हे, यात मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही. एकच घटना दोन गावांतून पाहायची, आणि घड्याळांची वजाबाकी करायची. घटिकापात्र सुधारलं आहे.

*

गुरुवारी सकाळी राख सावडायची होती. रीत सकाळचीच. बुधवारी रात्री आजीनं मला जवळ बोलावून विचारलं, "कव्हा पोहचंल ती?" मी म्हणालो, साडेबारा. "नक्की?" मी म्हणालो, तासभर इकडे-तिकडे. आजीनं काकांना सांगितलं की सावडायचं दुपारी. एक-दोघांनी कुरकुर केली. ती म्हणाली, "पोराला तास इचारले ना तुमी? मग आता ऐका त्याचं."

ताई एक वाजून चाळीस मिनिटांनी पोचली. सत्तर मिनिटं मी चुकलो होतो. नांदेडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, ते मी धरलं नव्हतं. आम्ही तसेच निघालो. उन्हानं राख वरून तापलेली होती, आतून थंड.

दहाव्याला दिवे लागल्यानंतर आजी अंगणात बसली होती. ताई आठवड्याभरात परत जाणार होती. आजीनं विचारलं, "तिचं गाव कोनीकडं आलं रं? उगवतीला का मावळतीला?" हे मी कधी पाहिलंच नव्हतं, अंतर काढून गप्प बसलो होतो. मोबाइलवर दिशा काढली. उगवतीला नाही आणि मावळतीलाही नाही. हिंगोलीतून ताणलेला दोरा हिमालयावरून, सैबेरियावरून सत्त्याहत्तर अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग तिकडे उतरतो. मी हात करून दाखवलं. समोरच्यांच्या लिंबाच्या वर ध्रुवतारा होता. त्याच्या थोडं उजवीकडे.

आजी बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी नामदेव गेला त्याच वाटंनं."

मी ते नंतर तपासलं. नर्सीहून घुमान उत्तरेच्या साडेसहा अंश डावीकडे, सिऍटल चौदा अंश उजवीकडे. वीसेक अंशांचा फरक आहे. आजीला सांगितलं नाही.